खांद्याचं दुखणं

सोसायटीच्या गेटबाहेर परवापासून झेंडूचे ढीग लागलेत. मी पिंपळे सौदागरात राहायला आले तेव्हा मागच्या अंगाला एखादं तरी वावर पिवळं दिसायचं. आता फुलं टेम्पोतून येतात आणि ताडपत्रीवर किलोनं जातात. काल भाजी घेऊन येताना मी वाकले, एक फूल उचललं, चुरगाळलं आणि नाकाशी धरलं. विकणारी बाई म्हणाली, "आजी, घ्यायचं नसंल तर चुरगाळू नका." बरोबर होतं तिचं. थोडी फुलं घेतली आणि घरी आणून ओट्यावर ठेवली. सुनेनं विचारलं, "आई, ही कशाला?" म्हटलं, "वासाला." तिनं मान हलवली आणि कानाला ते यंत्र लावून पुन्हा कामाला बसली. तिची कंपनी म्हणजे आमच्या बेडरूममधलं टेबल.

लोकांना झेंडूनं देव आठवतात. मला कारखाना आठवतो. ऑक्टोबरचं चटकणारं ऊन, मशीनचं तेल, लोखंड गार ठेवायच्या कूलंटचा आंबूस वास आणि त्या सगळ्यावर झेंडू. खंडेनवमीला अख्खी कंपनी धुऊनपुसून निघायची. लेथ, ड्रिल, प्रेस, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांना माळा. ज्या प्रेसनं आदल्या महिन्यात कुणाचं बोट घेतलं, तिलाही माळ. आणि पूजेत मांडलेलं हत्यार दसरा होईपर्यंत हलवायचं नाही, हा नियम साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे पाळायचे. वर्षभर माणसांना न मिळणारी विश्रांती त्या दिवशी पान्या-हातोड्यांना मिळायची. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझे वडील, अण्णा, तिथं टूलरूममध्ये लेथवर होते. आम्ही बौद्ध. अण्णा पूजेत बसायचे नाहीत, पण त्या दिवशी आपलं लेथ असं पुसायचे की त्यात तोंड दिसावं. तेल द्यायचे, कापड घालायचे आणि इतरांची आरती सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचे. दुसऱ्या दिवशी पांढरा सदरा घालून विहारात. कुणाला ते खटकायचं नाही. त्यांचे शेजारच्या मशीनवरचे जोडीदार ज्ञानोबाकाका, तळवड्याचे, घरची शेती सांभाळून नोकरी करणारे. ते पूजेचे पेढे घेऊन संत तुकाराम नगरात आमच्या घरी यायचे आणि म्हणायचे, "देवाचं नगं तर दुकानाचं म्हनून खा." अण्णा खायचे.

आणि मी त्याच कंपनीत टेलिफोन ऑपरेटर. सत्तरच्या दशकातल्या मधल्या वर्षांतली गोष्ट. गेटला लागून एक चिंचोळी खोली, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात लाइन जोडायच्या दोऱ्या, कानावर लोखंडी पट्टीचा हेडफोन. आठ तास "नंबर प्लीज" म्हणून घरी आले की आईनं हाक मारली तरी तोंडातून तेच निघायचं. संध्याकाळी वेणी सोडताना डोक्यावर त्या पट्टीचा वळ हाताला लागायचा. पण खरं सांगू, ती खोली मला आवडायची. साऱ्या कंपनीची सुखदुःखं माझ्या कानावरून जायची. ऐकू नये असा नियम होता. ऐकू येतं त्याला माणूस काय करणार.

तिथंच मला गुद्रुनबाई मिळाली. मिळाली म्हणजे आधी आवाजानं. कंपनीत जर्मन भागीदारी होती, तिकडून आलेल्या इंजिनियरची ही बायको. मागच्या बंगल्यांत राहायची. कामगार तिला टेनिसबाई म्हणायचे, कारण ती आपल्या देशाची टेनिसची चॅम्पियन होऊन गेली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. खेळताना मात्र तिला कुणी पाहिलं नव्हतं. तिचा खांदा कामातून गेला होता, म्हणून खेळ सुटला, असं ऐकून होतो. ती दुपारी बहिणीला जर्मनीला ट्रंक कॉल लावायची. तो कॉल लागायला तेव्हा कधी दोन तास, कधी अख्खी दुपार. मग ती वाट बघत माझ्याशीच बोलायची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, त्यामुळं आमचं छान जमलं.

त्या दुपारच्या खरखरणाऱ्या लाइनवर मी तिचं सगळं करिअर ऐकलं. तुकड्यातुकड्यानं, मध्येच "थांबा हं, साहेबांचा फोन आहे" म्हणत. घरामागं विटांच्या चुऱ्याचं लाल कोर्ट, तिच्या वडिलांनी स्वतः दाबून केलेलं. लढाई नुकती संपलेली, खायची मारामार, चेंडू इतका जुना की त्याच्यावरचं सगळी लव गेलेली. रॅकेट तिच्या उंचीला मोठी. वडील बाकावर बसलेले. मग गाव जिंकलं, प्रांत जिंकला, देश जिंकला. पॅरिसला गेली, लंडनच्या हिरवळीवर खेळली. वर्तमानपत्रात फोटो आले. "मजा आली असेल," मी म्हटलं. ती म्हणाली, "मला खोल्या आठवतात. हॉटेलच्या. सगळ्यांचा पडदा एकसारखा."

तिच्या वडिलांची एक रीत होती. हरली तर तिला झोपू द्यायचे. जिंकली तर बक्षीस हातात घेऊन थेट सरावाच्या कोर्टवर न्यायचे आणि त्या सामन्यात जे फटके चुकले ते शंभर वेळा मारून घ्यायचे. जिंकलेल्या माणसाला कसला आलाय दम, असं त्यांचं म्हणणं. आणि ही जिंकतच राहिली. एकदा तर तिनं मनाशी ठरवलं की आज हरायचं आणि झोपायचं. पण हात ऐकेना. हे सांगताना ती हसली होती, मीही हसले. दोरी काढून ठेवल्यावर मात्र मला कसंसंच झालं. आमच्या कॉलनीत तरी काय वेगळं होतं. अण्णा डबल ड्यूटी करून यायचे, आई ताट वाढायची. "दमलात का" असं कुणी कुणाला विचारल्याचं मला काही आठवत नाही. दमणं हे श्वास घेण्यासारखं, त्याचं काय बोलायचं.

आणि मग एका दुपारी, कॉल लागायचं नाव नाही, ती म्हणाली, "शालन, तुला एक सांगते. खांदा बरा आहे." मला वाटलं औषधाचा गुण आला. ती म्हणाली, "आत्ता नाही. कधीचाच." दुखावला होता हे खरं. डॉक्टरांनी एक हंगाम विश्रांती सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा ती उशिरापर्यंत झोपली, सफरचंदाचा केक केला, नदीकाठी नुसती बसली. वसंत आला तोवर खांदा ठणठणीत. पण तिनं कुणाला सांगितलंच नाही. वडिलांना नाही, पुढं लग्न झाल्यावर नवऱ्यालाही नाही. "खांदा म्हटलं की लोक गप्प बसतात," ती म्हणाली. "दमले म्हटलं तर बसत नाहीत." एवढ्यात जर्मनीची लाइन लागली आणि ती बहिणीशी बोलायला लागली.

ही गोष्ट मी पोटात ठेवली. तशा माझ्या पोटात बऱ्याच गोष्टी होत्या.

त्या साली पाऊस लवकर आटपला आणि ऑक्टोबर नुसता पेटला. रस्त्याला सावली नाही, बसला जागा नाही. बाजऱ्या काढून झाल्या होत्या, तळवड्याकडून येणारे लोक अंगाला भुसकट घेऊनच शिफ्टला यायचे आणि भोंगा होईपर्यंत खाजवत राहायचे. अशात मोठ्या साहेबांनी कँटीनमागं मुरमाचं नवं टेनिस कोर्ट करून घेतलं. दसऱ्यानंतरच्या रविवारी उद्घाटन, शेजारच्या कंपनीचे पाहुणे, त्यांचा एक तरणाबांड अधिकारी पुण्यात खेळून नाव काढलेला. त्याच्याशी आमच्या टेनिसबाईंचा सामना. बाईंना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

ती नाही म्हणाली. साहेबांनी फोन केला, साहेबांच्या बायकोनं केला, क्लबातल्या चार जणींनी केला. सगळे माझ्याच बोर्डावरून. "अहो, जरासंच खेळा. दाखवण्यापुरतं." ती प्रत्येकीला म्हणायची, खांदा. शेवटी तोड निघाली की खेळू नका, पण जुनी रॅकेट हातात घेऊन फोटोला तरी उभ्या राहा. तेवढ्याला ती हो म्हणाली. त्या दुपारी कॉल लावायला तिनं फोन उचलला आणि बराच वेळ नंबरच सांगितला नाही. मी विचारलं, "बाई, आहात ना?" ती म्हणाली, "आहे. इथंच आहे." माझ्या आयुष्यात इतका थकलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, आणि मी आवाजांचंच खात होते.

तर ती रॅकेट. लाकडी, जिनं देश जिंकला ती. तेव्हा रॅकेट वाकू नये म्हणून लाकडी चौकटीत स्क्रूंनी आवळून ठेवायची पद्धत होती. त्यातला एक स्क्रू गंजून बसला होता. रॅकेट निघेना, म्हणून चौकटीसकट ती टूलरूममध्ये अण्णांकडे आली. अण्णांनी स्क्रू कापला, नवा करून बसवला, रॅकेट सोडवून बाकावर ठेवली. चौकटीला तेलपाणी केलं, ते सुकल्यावर दसऱ्यानंतर परत आवळू म्हणाले. तो दिवस खंडेनवमीचा. दुपारी लेथवर कापड घालून अण्णा नेहमीसारखे निघून आले.

मागं पूजा मांडताना ज्ञानोबाकाकांची नजर बाकावर गेली. हत्यार. तेही टेनिसबाईंचं, देश जिंकलेलं. ते बिनपूजेचं कसं ठेवायचं. त्यांनी ती रॅकेट मध्यभागी मांडली. आधी पाण्यानं धुतली, मग दुधानं, मग नारळ फोडला त्याचं पाणी वरून. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची सगळ्यात जाड माळ. आणि नियमाप्रमाणं दसरा होईपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. टूलरूमला कुलूप. आत दमट, बाहेर ऊन.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघडून बघतात तर निम्म्या तारा तुटून लोंबतायत आणि लाकूड उडदाच्या पापडासारखं वेडंवाकडं झालेलं. त्या तारा आतड्याच्या होत्या, मेंढीच्या. पाणी लागलं की संपलं. अण्णांनी नुसतं कपाळाला हात लावला. काकांचा चेहरा उतरला, तरी म्हणाले, "म्हंजे राव, आमी आतड्याला हळद-कुंकू लावलं व्हय?" अण्णा म्हणाले, "बोकडाला लावताच की." दोघं हसले म्हणे. ते त्या दिवसाचं शेवटचं हसणं. तासाभरात मोठ्या साहेबांपर्यंत बातमी गेली आणि दोघांना गेटबाहेर काढलं. चौकशी होईपर्यंत घरी बसायचं.

तेव्हा घरी बसा म्हणजे काय, हे आजच्या पोरांना कळायचं नाही. क्वार्टर कंपनीच्या नावावर. धाकट्या भावाचं मॅट्रिकचं वर्ष. अण्णा घरी आले ते स्टुलावर बसले, निळ्या कपड्यांतच. आईनं कपडे बदला म्हटलं तर म्हणाले, "शिफ्ट सुटू दे." भोंगा झाला तेव्हा उठले, हातपाय धुतले आणि कपडे बदलले. हे मला आईनं नंतर सांगितलं, कारण मी बोर्डावर होते.

बोर्डावर गुद्रुनबाईचा दिवा लागला. "शालन, माझी रॅकेट कुठं आहे?" मी सांगितलं. सगळं, दुधासकट. पलीकडं हसू फुटलं, असं की मला हेडफोन कानापासून लांब धरावा लागला. "मेली एकदाची," ती म्हणाली. "फुलं घालून मेली. आता फोटोही नाही." मी हसू शकले नाही. म्हटलं, "बाई, तिच्यापायी माझ्या वडलांना आणि काकांना घरी बसवलंय." तिचं हसू थांबलं. म्हणाली, "साहेबांना जोड."

जोडलं. हेडफोन काढून ठेवायचा असतो. नाही ठेवला.

साहेब सुरू झाले, फार वाईट झालं मॅडम, कडक कारवाई करतो. ती म्हणाली, पूजा करायला मीच सांगितलं होतं. साहेब काही खुळे नव्हते. म्हणाले, "तसं असेल तर बघतो. पण पाहुण्यांना काय सांगू? रॅकेट नाही, फोटो नाही." पुढचं ते बोललेच नाहीत. तिनं ते न बोललेलं ऐकलं. म्हणाली, "मी खेळेन. त्या दोघांना उद्या पहिल्या शिफ्टला आत घ्या." साहेब म्हणाले, "आणि खांदा?" ती म्हणाली, "खांदा माझा आहे." मी दोरी ओढून घेतली आणि रडले. अण्णांची नोकरी राहिली म्हणून, आणि इतकी वर्षं जपलेली तिची एवढीशी झोप आम्ही मोडली म्हणूनही.

रविवारी पाच वाजता अख्खी कॉलनी कोर्टाभोवती. साहेबलोकांना खुर्च्या, आम्हाला सतरंज्या. आई, मी, ज्ञानोबाकाकांच्या घरच्या, शेजारी अण्णा नि काका. ती आली. पांढरा झगा, हातात कुणाची तरी उसनी रॅकेट. मला वाटलं होतं त्यापेक्षा वयस्कर, पोटऱ्यांवर निळ्या शिरा. आई माझ्या कानात म्हणाली, "अगं, ही तर माझ्याएवढी हाय."

मला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही. पण त्या संध्याकाळी जे दिसलं ते कळायला टेनिस यावं लागत नव्हतं. तो तरणा पोरगा कोर्टभर धावत होता, घामानं निथळत होता. ती धावतच नव्हती. दोन पावलं टाकायची आणि चेंडू जिथं येणार तिथं आधीच उभी असायची. हात वर जायचा, खांद्यातून, पूर्ण, अडल्याशिवाय. काका पुटपुटले, "बाई पळतच न्हाई. चेंडूच तिच्याकडं येतोय." पहिला सेट तिचा. दुसऱ्यातही ती पुढं. टाळ्या थांबेनात. आता एक गेम जिंकला की कप आमचा, असं मागून कुणीतरी ओरडलं. आणि मला तिचा चेहरा दिसला. त्यावर काहीच नव्हतं. शिफ्टच्या शेवटच्या तासाला कामगाराच्या चेहऱ्यावर असतं तेवढंच.

तिनं चेंडू जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा. मग मुठीतच ठेवला. चालत जाळीपाशी गेली, त्या पोराशी हात मिळवला, चेंडू त्याला दिला आणि वळली.

कुणाला काही उमजेना. मोठे साहेब धावत माइकपाशी गेले. "खांद्याच्या जुन्या दुखापतीमुळं मॅडमना…" तिनं ते ऐकलं. तशीच टेबलाकडं गेली, माइक आपल्याकडं वळवला आणि म्हणाली, तिच्या त्या मोडक्या इंग्रजीत, "खांदा बरा आहे. पुष्कळ वर्षं बरा आहे. मी दमले." खुर्च्यांमध्ये कुजबुज झाली. तिचा नवरा तिच्याकडं बघतच राहिला. सतरंजीवरच्या बायकांनी मला विचारलं, "काय म्हनाली गं?" मी सांगितलं, "खांदा दुखत नाही. दमलीय म्हणते." एक जण म्हणाली, "मग त्यात काय सांगायचं?"

कप पाहुण्यांना गेला. काकांना ते फार लागलं. "उभं पीक टाकून कोनी जातं व्हय," असं म्हणत राहिले, आणि बाईंनी आपली नोकरी वाचवली हे आठवून गप्पही बसत राहिले. ती मात्र खुर्च्यांकडं गेलीच नाही. आमच्या सतरंजीच्या कडेला येऊन बसली, बूट काढले, पाय लांब केले. आईनं तांब्या पुढं केला. तिनं वरून धार धरून पाणी प्यायला बघितलं, अर्धं गळ्यावर सांडलं, तसंच राहू दिलं. मग मागं हात टेकून आभाळाकडं बघत बसली. इतक्या लोकांसमोर, काही न करता. अण्णा तिच्याकडं एकटक बघत होते. 

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याचा करार संपला आणि ती दोघं गेली. नंतर ती खेळली की नाही, मला ठाऊक नाही. बोर्डही गेला, आपोआप नंबर लागणारी यंत्रं आली, मला हिशेबात बसवलं, आणि एक दिवस शाल देऊन घरी पाठवलं. मी दोन पोरं वाढवली, नातवंडं वाढवली. आता ही सून सकाळी कानाला यंत्र लावते ती दिवेलागणीला काढते. परवा म्हटलं, "दमलीस का गं?" तिनं चमकून बघितलं आणि म्हणाली, "नाही आई, असं का वाटलं?" जणू मी तिची काही चूक काढली होती. मी चहा ठेवला.

एक सांगायचं राहिलं. त्या सामन्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. टूलरूमला परदेशचं काम आलं होतं, सगळ्यांना ओव्हरटाइम लावला होता, आणि ओव्हरटाइमला नाही म्हणायची रीत नव्हती. माझी सुट्टी होती. आई मशीनवर कुणाचं तरी पोलकं शिवत होती. पहिली शिफ्ट सुटल्यावर अण्णा दारात उभे राहिले. आईनं पायडल थांबवलं. त्यांनी चपला काढल्या, पाणी प्यायले, चटई उलगडली आणि भर उजेडात, खिडकीखाली, आडवे झाले. आई धावत आली. कपाळावर हात ठेवला, मग मानेला लावला, मग पुन्हा कपाळावर.

"ताप तर न्हाई."

"न्हाई."

"पोटात दुखतंय?"

"न्हाई गं."

"मग कोन काय बोललं का? परत घरी बसवलं?"

"कोनी काय बोललं न्हाई. मीच आलो." अण्णांनी डोळे मिटले. "दमलोय."

आईनं माझ्याकडं बघितलं. आता काय करायचं असतं, हे मला ठाऊक असेल अशा आशेनं. मलाही ठाऊक नव्हतं. तिचा हात त्यांच्या कपाळावरच होता. ताप नसताना तो तिथं ठेवायची तिला सवय नव्हती, पण तिनं तो काढला नाही.